पांगुळगाड्याचा ब्रेक

ज्यांची मूठ सकाळी उठल्यावर वळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त मधेमधे ‘अरेरे’ म्हणू नये. आजारपणात मला ‘अरेरे’ भरपूर मिळालं. त्यानं पायजम्याची नाडीसुद्धा सुटत नाही.

मी कारंज्याला एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं चालू ठेवायची, एवढं माझं काम. पट्टा तुटला, बेअरिंग तापलं, रोलर घासला की मला हाक यायची. घर धनजला होतं, रोजची ये-जा एसटीनं. घरात थोरला भाऊ श्रावणदादा, वहिनी, त्यांच्या दोन पोरी, माझी बायको कौतिका आणि मी. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दादा वावर पाहायचा, मी पगार आणायचो, आणि सगळ्यांची भाकरी एका तव्यावर व्हायची.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. कापूस चांगला आला होता आणि जिनिंग दोन पाळ्यांत चालली होती. एका सकाळी माझ्या हातातून पाना गळाला. उचलला, पुन्हा गळाला. बाजूचा मजूर म्हणाला, रात्रीची उतरली नाही वाटते. मी दारूला कधी शिवलो नव्हतो, म्हणून मलाही हसू आलं. दुपारपर्यंत हात मोकळे झाले आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

दिवाळीपर्यंत बोटांचे सांधे सुजले, मग मनगटं, पुढच्या पावसाळ्यात गुडघे. गावात जेवढी तोंडं तेवढे उपाय. निरगुडीचा शेक झाला, एरंडेल झालं, कोणाच्या तरी सांगण्यावरून बिब्ब्याचे चटके झाले. दुखणं गेलं नाही, बिब्ब्याचे डाग मात्र पक्के बसले. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, यात्रेत पोहरादेवीला नेऊन आणा. आमचं घर बौद्ध. दादानं त्याला तिथंच उत्तर दिलं, “देव सोडला तवा काही दुखत नव्हतं. आता दुखते म्हून त्याच्या दारात जाचं काय?” वहिनीनं मात्र त्याच म्हाताऱ्याच्या हाती गुपचूप नारळ पाठवला. गुण दोघांच्याही मार्गानं आला नाही.

*

नागपूरच्या दवाखान्यात दादाच मला घेऊन गेला. डॉक्टरांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, काम काय करता म्हणून विचारलं. फिटर म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. मी अजूनही सांगतो, माझं निदान मला त्या थांबलेल्या पेनावरून कळलं. पुढचं त्यांनी फक्त तोंडानं सांगितलं.

“हा संधिवात आहे. जाणार नाही. आटोक्यात ठेवता येईल.”

दादानं विचारलं, म्हणजे किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दिवसांचा प्रश्न नाही. दादाला ते समजलं नाही, का समजून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. बाहेर बाकावर बसून त्यानं दोन केळी घेतली, एक सोललं आणि माझ्या तोंडाशी धरलं. आजूबाजूला माणसं होती. मोठा झाल्यापासून मला कोणी भरवलं नव्हतं. मी खाईपर्यंत दादा रस्त्याकडे पाहत राहिला. पुढं त्याच्याबद्दल बरंच कडू लिहिणार आहे, म्हणून हे केळं आधीच लिहून ठेवतो.

वॉर्डात मी दीड महिना काढला. पहाटे पाचला काखेत थर्मामीटर, सहाला चहा, मग गोळ्या. गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण दिवसभर कानात शिट्टी वाजायची. पहिले दोन दिवस मी शेजाऱ्याला विचारत होतो, जिनिंगचा भोंगा इथपर्यंत कसा ऐकू येतो म्हणून.

सुख एकच होतं. रोज दहाला मला खालच्या खोलीत नेत. तिथं पत्र्याच्या टाकीत गरम मेण असायचं. त्यात हात बुडवायचे, बाहेर काढायचे, पुन्हा बुडवायचे. मेणाचे जाड हातमोजे चढले की वर टॉवेल गुंडाळून बसायचं. अर्ध्या तासानं मेण सोलून काढलं की आतून माझे जुने हात निघायचे. बोटं वळायची. मी तिथल्या बाईंना एकदा म्हटलं, ही टाकी मी धनजला नेतो. त्या हसल्या आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

निघायच्या आधी मला गाडा मिळाला. लोखंडी पाइपची कमरेएवढी चौकट, खाली चार चाकं, वर धरायला दोन मुठी, आणि उजव्या मुठीला सायकलीचा असतो तसा ब्रेक. लहान पोरं चालायला शिकताना धरतात त्या पांगुळगाड्याचा हा थोरला भाऊ. मेणाच्या खोलीतून निघालो तसं मला तिथूनच फरशीवर उभं केलं. चाला. चाललो. ब्रेक दाबा. दाबला. गाडा थांबला. व्यायाम शिकवणाऱ्या मास्तरांनी वहीत खूण केली, मी अंगठा दिला, कारण सही करायला पेन धरावं लागतं.

अकरा वाजले होते, हात मेणातून निघालेले, फरशी आरशासारखी. असा ब्रेक कोणाला लागणार नाही?

*

आता जे सांगायचं आहे ते लोक सांगत नाहीत, पण त्यावाचून ह्या गाड्याची गोष्ट कळायची नाही. आमच्या गावात तेव्हा कोणाकडं संडास नव्हता. वस्तीच्या मागं उतार आहे, उताराच्या पायथ्याला नाला. नाल्याच्या उगवतीला बायका जायच्या, मावळतीला माणसं. ही रीत कोणी लिहिलेली नव्हती आणि कोणी मोडतही नव्हतं. कौतिका मला धरून मावळतीकडे निघाली असती तर तिकडं बसलेली दहा माणसं उठून उभी राहिली असती. मी तिच्याबरोबर उगवतीला गेलो असतो तर बायकांनी दगड मारले असते, आणि त्यात त्यांचं चुकलं नसतं.

दवाखान्यात जायच्या आधी तीन महिने कौतिकानं घमेल्यात राख टाकून माझं सगळं घरातच केलं. बांबूच्या तट्ट्याच्या अलीकडे मी, पलीकडे वहिनी भाकरी थापते आहे, पोरी पाढे म्हणताहेत. वहिनीनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही, फक्त मी आत असलो की ती भाकरी जोरात थापायची. मी जेवण कमी करत गेलो. दुखण्यानं मी वाळलो असं लोक म्हणत. मी लाजेनं वाळलो होतो.

म्हणून नागपूरहून गाडा घेऊन येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मला सकाळी उठून कोणाचा हात न धरता नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं होतं. नोकरी गेली होती, तिची आशा मी सोडून दिली. एवढं एक मिळालं तर मी माणसात राहीन असं वाटत होतं.

पहिल्याच सकाळी निघालो. सपाटीवर गाडा छान चालला. उतार सुरू झाला तसा तो माझ्यापुढं पळायला लागला. मी ब्रेक दाबायला गेलो आणि बोटं वळलीच नाहीत. सकाळी माझी बोटं लाकडाची असायची. कौतिका गरम पाण्याच्या डब्यात ती अर्धा तास बुडवायची तेव्हा कुठं चमचा धरता यायचा. आणि पोट काही अर्धा तास थांबत नाही. गाडा मला ओढत घेऊन गेला आणि बाभळीत शिरला. हनुवटी फुटली. वर पोरं ओरडत होती, पांगुळगाडा पळाला, पांगुळगाडा पळाला.

दादानं मला उचलून आणलं आणि गाडा भिंतीला उलटा टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या पाठीवर.

*

दादाची पाठ सहा महिने मला पुरली. आधी तो बोलायचा. पऱ्हाटीला बोंडं किती धरली, बैल कसा अडून बसला, सगळं सांगत न्यायचा. मला उकिडवं बसता येत नाही म्हणून त्यानं दोन दगडांवर फळी ठेवून दिली होती. मग बोलणं कमी झालं. मग नुसता श्वास ऐकू यायचा. मला त्याचा राग येत नव्हता, त्याच्या श्वासाचा येत होता.

पेरणीचे दिवस आले. त्या सकाळी मला फळीवर बसवून तो म्हणाला, “औत जुपून येतो, तवरिक बस.” आणि गेला.

मी बसलो. माणसं आली आणि गेली. एकानं विचारलं, अजून बसलाच काय बॉ? मी हो म्हटलं. मला उठव असं म्हणायला जीभ रेटेना. ऊन बाभळीवर आलं, मग माझ्या डोक्यावर आलं. माश्यांना हात हलवून हाकलायची ताकद नव्हती. शेवटी फळीवरून अंग टाकलं आणि कोपरांवर सरपटत शेताच्या धुऱ्यापर्यंत आलो. तिथं मला दादा भेटला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एकच शब्द बोलला, “इसरलो.”

तो खरंच विसरला हे मला अजून पटत नाही. तो मुद्दाम विसरला हेही पटत नाही. मधे काहीतरी असतं, आणि घरात फार दिवस पडून असलेला रोगी ते मधलं फार लवकर ओळखायला शिकतो. तुमच्या घरीही ते येईल. तेव्हा रडू नका, हाताशी काय सामान आहे ते पाहा.

त्या दुपारी मी कौतिकाला गाडा सरळ करायला सांगितलं.

*

फिटरला वाटतं, जगातली प्रत्येक वस्तू दांड्यानं थांबते. जिनिंगमध्ये यंत्र थांबवायचं तर लांब लाकडी दांडा ढकलून पट्टा रिकाम्या पुलीवर सरकवतात. मी तेच डोक्यात धरलं. बोटं नाहीत तर कोपर आहे. मुठीजवळ असा दांडा लावायचा की कोपरानं बाहेर ढकलला की रबर चाकावर बसेल.

कानस, करवत, पाना माझ्यानं धरवत नव्हता. मी बाजेवर बसून सांगायचो आणि कौतिका करायची. पहिल्या दिवशी तिनं नट उलटा फिरवला, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. चौथ्या दिवशी ती मला न विचारता योग्य पाना उचलायला लागली. तेही मला फारसं आवडलं नाही. हात माझे गेले होते, आणि कसब दुसऱ्याच्या हातात जाताना पाहणं सोपं नसतं.

दांडा तयार झाला. दुपारी अंगणात दहा वेळा लावून पाहिला, दहाही वेळा गाडा थांबला. नागपूरच्या मास्तरला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि त्याचीच चूक मी माझ्या अंगणात केली. दुपारी तर माझी बोटंही वळायची.

पहाटे घराजवळ, उताराच्या वरच्या टोकाला नेला. कौतिका पुढं चालत होती. गाड्यानं वेग घेतला तसा मी घाबरलो, आणि घाबरल्यावर दांडाबिंडा काही आठवलं नाही. मी दोन्ही हातांनी मुठींवर पडलो. गाडा कौतिकाच्या नडगीवर जाऊन थांबला. ती मटकन खाली बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं पदर बाजूला केला आणि खांदा दाखवला. काळानिळा झाला होता. घरातल्या घरात मी तोच धरून उठायचो.

“हे पाहा,” ती म्हणाली. “तुमी घाबरले की ओढत नाही अन् ढकलतबी नाही. निस्ते खाली दाबता. सहा मयने झाले, हा खांदा दाबून राह्यले. दाबला की थांबते असाच गाडा करा न.”

मी म्हणालो, फिटर तू आहेस की मी? ती उठली, लंगडत आत गेली आणि चूल पेटवली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. दोन्ही दिवस मी बाजेवरून उठताना माझ्याच हातांकडं पाहत होतो. ते खालीच दाबत होते.

तिसऱ्या दिवशी तिला कारंज्याला पाठवलं. एसटी स्टँडजवळ माझ्या ओळखीचे एक गफ्फारभाई सायकली दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून जुन्या सीटखालच्या जाड स्प्रिंगा आणि ट्रकच्या टायरचे दोन तुकडे मागून आण म्हटलं. तिनं ते आणले. बरोबर गफ्फारभाईंचा निरोप आणला, की फिटरसाब स्वतः का आले नाहीत. तिनं त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

काम साधं होतं. मागची दोन चाकं स्प्रिंगांवर बसवली आणि चाकांशेजारी टायर ठोकलेले दोन आखूड पाय सोडले. नुसते हात ठेवून चाललं तर गाडा चाकांवर चालतो. अंगाचा भार टाकला की स्प्रिंगा दबतात, रबरी पाय जमिनीला टेकतात आणि गाडा जागच्या जागी उभा. भार काढला की आपोआप सुटतो. लोहारानं पाइप जोडून दिले, बाकी सगळं कौतिकानं केलं.

पहिल्यांदा स्प्रिंग मऊ झाली. गाडा पावलोपावली अडेल बैलासारखा थांबायचा. मग कडक झाली, तेव्हा थांबेचना. कौतिका स्प्रिंगखाली एकेक वायसर, म्हणजे लोखंडी चकती, घालून पाहत होती, कधी काढत होती. आणि परीक्षा फक्त सकाळी, हात गरम पाण्यात घालायच्या आधी. दुपारची परीक्षा मी बंदच केली. तुम्ही असं काही करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. वस्तूची परीक्षा तुमच्या वाईटातल्या वाईट वेळी घ्या. आणि स्प्रिंग तुमच्या वजनाची लावा, माझ्या नव्हे.

ह्या ब्रेकला बोटं लागत नाहीत. नुसतं घाबरावं लागतं, आणि ते मला चांगलं येत होतं.

*

एका सकाळी मी एकटा नाल्यापर्यंत गेलो आणि एकटा परत आलो. उतारावर चार ठिकाणी भीती वाटली, चार ठिकाणी गाडा थांबला. फळीवर बसून मी रडलो. कोणी पाहत नव्हतं, म्हणून चांगला मोठ्यानं रडलो. परत आलो तेव्हा दादा ओट्यावर कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होता. त्यानं गाड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चूळ भरली.

पुढं तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा एसटीच्या टपावर गाडा टाकून नेला. वाटलं, आपल्यासारखे शेकड्यानं असतील, त्यांच्या कामी येईल. डॉक्टर चांगले होते, त्यांनी स्वतः वाकून दाबून पाहिला, वा म्हणाले आणि मला मास्तरांकडं धाडलं. मास्तरांनी पहिला प्रश्न केला, हातातला ब्रेक कुठं आहे? मी म्हटलं, काढला. सरकारी वस्तूचा भाग काढायची परवानगी कोणी दिली? मी माझी बोटं पुढं केली. ते म्हणाले, बोटांचा विषय वेगळा आहे. मेणाच्या खोलीतून एक बाई निघाली होती. तिला त्यांनी फरशीवर उभं केलं, ब्रेक दाबायला लावला आणि वहीत खूण केली. मी पाहत होतो. तिला सांगायला तोंड उघडलं तर शिपायानं मला बाहेर काढलं.

*

ह्यानंतर महिनाभरानं दादा माझ्याजवळ येऊन बसला. पुष्कळ दिवसांनी बसला होता, म्हणून मला बरं वाटलं.

“तुहं आता चालते,” तो म्हणाला. “आता आपलं वेगळं करू.”

तोच पुढं बोलला. “हे दोन साल कोन्या तोंडानं बोललो असतो? लुल्या भावाले टाकला म्हून लोकं थुंकले असते माह्यावर. म्या वाट पाह्यली. आता तुले माही गरज नाही.”

त्यानं खोटं काही सांगितलं नाही. माझा पगार बंद झाल्यापासून तो सहा तोंडांसाठी एकटा राबत होता. पुढं पोरींची लग्नं होती. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि माफही करता येत नाही. रात्रंदिवस डोकं चालवून मी जे बनवलं, त्यानं मी सुटेन असं मला वाटलं होतं. सुटला तो.

वेगळं होणं म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. अर्धं वावर माझ्या वाट्याला येणार आणि औत धरायला माझ्याकडे हात नाहीत. म्हणजे पेरणं कौतिकाचं, निंदणं कौतिकाचं, वेचणं कौतिकाचं, आणि घरी आल्यावर मी. पंच उद्या येणार असं दादानं सांगितलं. ते मला चालून दाखव म्हणणार, हे उघड होतं. मी चाललो तर वाटणी, नाही चाललो तर दादाला आणखी थांबावं लागणार होतं.

कौतिका त्या संध्याकाळी गाड्याच्या चाकांना तेल घालत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “उद्या गाडा नाही थांबला तरी चालते.”

मी हूं म्हटलं.

*

पंच तिघं होते, वस्तीतलीच वडीलधारी माणसं. विहाराच्या ओट्यावर बसले, जयभीम झाला, चहा झाला. दादानं आपलं म्हणणं मांडलं, कुठंही आवाज न चढवता. थोरले पंच माझ्याकडं वळून म्हणाले, “चालून दाखव बॉ. मंग पाहू.”

विहार वस्तीच्या मागच्या टोकाला, आमच्या घराजवळच; तिथूनच नाल्याचा तो उतार सुरू होतो. मी गाडा धरून उभा राहिलो. कौतिका आमच्या दारात उभी होती. दादा उतारावर खाली जाऊन थांबला होता आणि त्याचे दोन्ही हात थोडे पुढं आले होते. ते त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. सहा महिने मला उचलून त्याच्या हातांना तशी सवय लागली होती.

मी निघालो. गाड्यानं वेग घेतला. भार टाकायचा नाही, एवढंच करायचं होतं. गाडा सरळ दादाच्या अंगावर गेला असता, त्यानं मला धरलं असतं. धरलंच असतं, ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. हनुवटीसुद्धा फुटली नसती. पंचांनी मान हलवली असती आणि कौतिकाच्या अंगावर येणारं ओझं वर्षभर तरी लांबणीवर पडलं असतं.

मग माझं लक्ष ओट्याकडं गेलं. ती तिन्ही माणसं पुढं वाकून गाड्याकडं पाहत होती. माझ्याकडं नाही, गाड्याकडं. जिनिंगमध्ये बंद पडलेलं यंत्र मी चालू करायचो तेव्हा माणसं तशी पाहायची.

मी भार टाकला. गाडा दादापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

ओट्यावरून कोणीतरी वा म्हणालं. थोरले पंच म्हणाले, “अजून एक डाव करता येते काय?” मी वळलो, वर गेलो, पुन्हा आलो आणि पुन्हा थांबवला. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं, झालं मग म्हणाले आणि उठायला लागले. तेव्हा मी पुन्हा वर गेलो. ह्या वेळी मी थोडा जोरात आलो आणि मधोमध, जिथं सगळ्यात जास्त उतार आहे तिथं, दोन्ही पंजे मुठींवरून उचलून नुसत्या मनगटांच्या भारानं गाडा उभा केला.

दारात पाहिलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

वाटणी त्याच दुपारी झाली. भांडी निम्मी झाली, बैल एकेक झाला. दादानं जाताना माझी बाज उचलून सावलीत ठेवून दिली. कौतिकानं सांजेला वेगळी चूल मांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गरम पाण्याचा डबा आणला, माझे हात त्यात सोडले आणि समोर बसली.

“पयल्यांदा थांबवला ते समजलं,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा पंचाईनं सांगतलं. तिसऱ्यांदा कायले?”

पाणी निवलं तरी मी हात बाहेर काढले नाहीत. तिनं माझे हात पुसले, विळा घेतला आणि वावराकडे निघाली.